पंचेचाळीस सेकंद

मला पोहता येत नाही. पुण्यात राहणाऱ्या माणसानं हे कबूल करण्यात तशी काही शरम नाही. आमच्या गावात पोहता न येणारे पुष्कळ आहेत आणि पोहावं कसं हे दुसऱ्याला काठावरून सांगणारे त्याहून पुष्कळ आहेत. मी तर सांगतही नाही. पाण्याशी माझा संबंध बादली आणि तांब्या एवढाच. कोकणात सहलीला गेलो की सगळी मंडळी समुद्रात डुंबतात आणि मी वाळूत बसून त्यांच्या चपला, चष्मे आणि घड्याळं सांभाळतो. या कामात आता माझा इतका लौकिक झाला आहे की, मागे श्रीवर्धनला एक अनोळखी गृहस्थ स्वतःच्या चपला माझ्यापुढे ठेवून, "जरा बघा हं" म्हणून पाण्यात शिरले.

अशा माणसावर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी समुद्राच्या तळाशी जाऊन बिऱ्हाड करायची पाळी आली, याला कारण आमचा नातू. चिरंजीव शिकायला बंगळुरूला गेले. जाताना नवा लॅपटॉप बरोबर नेला आणि जुना, भलामोठा, निळे दिवे लागणारा कॉम्प्युटर आमच्या बैठकीच्या खोलीत ठेवून गेले. "आजोबा, आठवड्यातून एकदा चालू करत जा. नुसता पडून राहिला तर खराब होईल." पूर्वी आम्ही बंद स्कूटरला अशीच रविवारी किक मारून ठेवत असू. मी इमानेइतबारे दर रविवारी तो चालू करायचा, दहा मिनिटं निळे दिवे बघायचे आणि बंद करायचा.

ही हकीकत फोनवर ऐकल्यावर तो म्हणाला, "अहो आजोबा, नुसतं काय बघता? त्यात एक गेम आहे, तो खेळा. तुम्हाला आवडेल. मारामारी नाही. पाणी आहे, मासे आहेत."

पाणी आहे म्हटल्यावर मी फोन ठेवायला हवा होता. पण नातू आपणहोऊन चार वाक्यं बोलला होता. एरवी आमचा संवाद म्हणजे "जेवलास का?" "हो." "पाऊस आहे का?" "नाही." "बरं, ठेवतो." तेव्हा मी म्हटलं, "सांग कसा सुरू करायचा."

खेळाचं नाव 'सबनॉटिका'. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अननोन वर्ल्ड्स' नावाच्या कंपनीनं तो केला. २०१४ च्या डिसेंबरात अर्धाकच्चा बाजारात आणला, खेळणाऱ्यांच्या सूचना ऐकत तीन वर्षं शिजवला आणि २०१८ च्या जानेवारीत पूर्ण करून वाढला. गोष्ट साधी आहे. 'अरोरा' नावाचं एक प्रचंड अंतराळयान एका परक्या ग्रहावर कोसळतं. आपण एका छोट्याशा डबीत बसून निसटतो. ग्रहाचं नाव '४५४६ बी'. हा मला पत्त्यावरून एखाद्या हाउसिंग सोसायटीतला फ्लॅट वाटला होता. पण प्रत्यक्षात तिथं सगळा समुद्र आहे. जमीन औषधापुरती.

"कोण अरोरा कोसळले?" हिनं स्वयंपाकघरातून विचारलं. "पलीकडच्या विंगमधले?"

खेळ सुरू करताना तो आपल्याला चार प्रकार विचारतो. एकात तहान, भूक, श्वास सगळं सांभाळायचं. दुसऱ्यात तहान-भूक नाही, फक्त श्वास सांभाळायचा. तिसऱ्यात सगळं सांभाळायचं आणि एकदा मेलात की कायमचे मेलात, पुन्हा संधी नाही. चौथ्यात काहीच सांभाळायचं नाही, मरणच नाही. तिसरा प्रकार म्हणजे आपला रोजचाच, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला हवा? चौथा प्रकार साधुसंतांचा. आम्ही मध्यमवर्गीय, तेव्हा पहिला घेतला. त्यात मेलं तर माणूस पुन्हा आपल्या डबीत जागा होतो, फक्त त्या फेरीत गोळा केलेलं सामान जातं. एकंदरीत मरणाचा हा दर मला वाजवी वाटला.

डोळे उघडले तो डबीत आग लागलेली. नळकांडं उचलून ती विझवली. मग हातातलं एक बोलकं यंत्र मला सांगू लागलं, की तुमच्या डोक्याला किरकोळ मार बसला आहे, आणि झालेला प्रकार पाहता हा निकाल उत्तमच समजायचा. आयुष्यात कुठल्याही परीक्षेच्या निकालानंतर माझ्याबद्दल इतकं समजूतदार वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मला ते यंत्र आवडलं.

डबी म्हणजे वन रूम किचन, तेही तरंगतं. भिंतीत एक कपाट, एक बिघडलेला रेडिओ आणि एक जादूचं यंत्र. त्यात कच्चा माल टाकला की हवी ती वस्तू करून मिळते. झोपायला पलंग नाही. वरती एक झाकण, खालती एक झाकण. वरचं उघडलं की आभाळ, जळणारी 'अरोरा' आणि चहूकडे पाणी. खालचं उघडलं की नुसतंच पाणी.

मी दोन दिवस वरच्या झाकणावर उभा होतो.

"आजोबा, उतरा ना खाली," नातू फोनवर म्हणाला.

"उतरतो. आधी परिसर बघून घेतो."

"अहो, परिसर खालीच आहे!"

तिसऱ्या दिवशी उतरलो. उतरलो म्हणजे काय, खुर्चीत बसून एक बटण दाबलं. पण बटण दाबताना मी डाव्या हातानं नाक धरलं होतं, हे हिनं पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत सोसायटीत सांगून आली.

खाली जे दिसलं ते मात्र विसरण्यासारखं नाही. उन्हाच्या तिरिपी पाण्यातून खाली आलेल्या, प्रवाळांच्या पिवळ्या-जांभळ्या कमानी, आणि मधूनमधून मोठ्या डोळ्यांचे मासे. या माशाचं नाव 'पीपर'. त्याच्या अंगात मासा कमी आणि डोळा जास्त. वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलासारखा तो सगळ्याकडे बघत असतो. मी त्याच्याकडे, तो माझ्याकडे, असे आम्ही बघत राहिलो आणि कानाशी सूचना आली: तीस सेकंद उरले.

छातीवर केवढ्या हवेची शिदोरी बांधून माणसाला या समुद्रात सोडतात? ४५ सेकंद! पुढे टायटॅनियमची टाकी करून घेतली की आणखी ३० मिळतात. म्हणजे सव्वा मिनिट. सव्वा मिनिटात आमच्या घरी चष्मा सापडत नाही. मी घाबरून भलतंच बटण दाबलं आणि वर जायच्या ऐवजी आणखी खाली गेलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. पहिल्याच उडीत मेलो आणि डबीत जागा झालो. घामानं बनियन भिजलं होतं. हिनं पंखा वाढवला आणि विचारलं, "हा खेळ तुम्हाला कुणी डॉक्टरांनी सांगितलाय का?"

हळूहळू बेत बसत गेला. या ग्रहावर जगण्याची रीत कुठल्याही काटकसरी संसारासारखीच आहे. काही टाकायचं नाही. समुद्राच्या तळाशी यानाचे मोडके पत्रे पडलेले असतात. एका पत्र्यातून चार टायटॅनियम निघतात. चुनखडीचे गोळे फोडले की तांबं मिळतं. तांबं आणि तेजाबी अळंबी एकत्र केली की बॅटरी. माझी कपाटं इतकी भरली, की पाऊल ठेवायला जागा उरेना. "एवढं कशाला गोळा करता?" नातवानं विचारलं. मी म्हटलं, "लागेल कधीतरी." हे वाक्य मी गेली पन्नास वर्षं माळ्याकडे बोट दाखवून म्हणत आलो आहे. त्याला न्याय देणारा ग्रह प्रथमच भेटला.

उंच शेवाळाच्या जंगलात एक लांब तोंडाचा, दातांचा मासा राहतो. त्याचं नाव 'स्टॉकर'. त्यालाही भंगाराची आवड. पत्र्याचा तुकडा तोंडात धरून तो रुबाबात फिरतो. आम्हा दोघांचा धंदा एकच असल्यामुळे आमचं पटेना. त्यानं मला दोनदा चावलं. मी त्याला एकदाही नाही.

कारण चावणार कशानं? या खेळात बंदूकच नाही. हातात फार तर एक सुरी. मला वाटलं, पुढे कधी मिळेल. नातवानं सांगितलं, मिळत नाही. खेळाचे कर्ते चार्ली क्लीव्हलंड यांनी ती मुद्दाम ठेवली नाही. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सॅंडी हूक शाळेत गोळीबारात लहान मुलं मारली गेली. तेव्हा खेळाचं काम चालू होतं, आणि जगात आणखी बंदुका, खोट्या का होईना, आपण घालायच्या नाहीत असं त्या गृहस्थांनी ठरवलं. हे ऐकल्यापासून स्टॉकर आला की मी मुकाट बाजूला होतो. रस्त्यावर रिक्षा आली की होतो तसाच.

खरा पेच आला तो खाण्यापिण्याचा. आमच्या घरात अंडंदेखील केकमधून लपून येतं. आणि इथं समोर पीपर! भुकेचा काटा खाली खाली येतोय आणि बोलकं यंत्र काळजी करतंय. शेवटी डोळे मिटून, म्हणजे त्याचे मिटत नाहीत म्हणून माझे मिटून, एक पीपर पकडला आणि यंत्रात शिजवला. नेमकी ही चहा घेऊन आली.

"हे काय?"

"मासा."

"आज एकादशी आहे!"

"अगं, खोटा आहे."

"मासा खोटा असेल. एकादशी खरी आहे."

यावर काय बोलणार? त्या दिवशी मी '४५४६ बी'वर उपास केला आणि संध्याकाळच्या सुमाराला भुकेनं मेलो. हिनं मात्र साबुदाण्याची खिचडी करून वाढली. दोन्ही जगांत एकाच वेळी धर्म पाळणं किती कठीण आहे हे मला त्या दिवशी कळलं.

तहानेची गोष्ट निराळी. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही. 'ब्लॅडरफिश' नावाचा एक गुलाबी फुगा पोहत असतो. तो पकडून यंत्रात घातला की पिण्याच्या पाण्याची एक बाटली मिळते. मी पहिला फुगा पकडला, बाटली हातात आली, आणि मी खेळ थांबवून बसून राहिलो. ही म्हणाली, "आता काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. आईची आठवण झाली."

त्या रात्री नातवाचा फोन आला. हल्ली तो आपणहून येतो. कुठवर पोचलात, काय बांधलंत, रेडिओ दुरुस्त केलात का. अर्धा अर्धा तास. पूर्वी मी त्याला शाळेचा अभ्यास विचारायचो, आता तो मला विचारतो. तो म्हणाला, "आजोबा, दोन आठवडे झाले, तुम्ही अजून उथळ पाण्यातच आहात. तिथून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खाली जातो. तिकडे खरी मजा आहे."

"इथं बरं आहे मला. तळ दिसतो."

"एवढे का घाबरता? गेमच आहे ना?"

आता हे सांगायला हवं होतं. साठ-पासष्ट वर्षांत सांगितलं नव्हतं असं नाही. पण सांगितलं ते पुण्यातल्या त्या वयाच्या सगळ्यांनी सांगायचं म्हणून. पानशेत फुटलं तेव्हा आमच्याकडे अमुक इतकं पाणी होतं, हे आम्ही लोक आपल्या शाळेचं नाव सांगावं तसं सांगतो. त्यात भीतीचा उल्लेख नसतो.

१२ जुलै १९६१. मी सात वर्षांचा. आम्ही नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, एका वाड्याच्या तळमजल्यावर राहत होतो. पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही. लोक ओरडत पळत होते. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं, आईच्या हातात धाकट्या बहिणीला दिलं आणि आम्ही निघालो. गल्लीत पाणी वडिलांच्या गुडघ्याशी होतं, मग कमरेशी आलं. मला वाटत होतं, खांदा सुटला की संपलं. मी त्यांचे केस दोन्ही मुठींत इतके घट्ट धरले होते, की पुढे कितीतरी वर्षं वडील आपल्या टकलाचं श्रेय मला देत असत.

दोन दिवसांनी परत आलो तर मागची भिंत नव्हती. खोलीत मांडीएवढा चिखल. वडिलांनी ट्रंक उपसून आपलं मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढलं, ते धुतलं आणि दोरीवर चिमटा लावून वाळत घातलं. शाई वाहून गेली होती. तरी वाळत घातलं. आणि गावाला पाणी द्यायचं ते खडकवासल्याचं धरणच वाहून गेलेलं, नळ कोरडे. घरात भिंतीवर पाण्याची ओली रेघ आणि प्यायला थेंब नाही. आईनं लांबच्या एका आडावरून कळशी आणली, उकळली, गाळली आणि आम्हा दोघा भावंडांना अर्धा अर्धा पेला दिला. स्वतः नंतर पिते म्हणाली. ती प्यायली की नाही, हे मी बघायला हवं होतं. बघितलं नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं फोन कटला. मग तो म्हणाला, "आजोबा, तिथं सेव्ह करता येत नव्हतं ना."

इंजिनियर होणाऱ्या मुलाकडून सांत्वनाचं याहून चांगलं वाक्य येईल असं मला वाटत नाही.

"नव्हतं," मी म्हटलं.

"इथं करता येतं. आधी सेव्ह करा आणि मग जा. मी फोनवर आहे."

(जाता जाता नवशिक्यांसाठी सांगतो, हा खेळ आपणहून काही जपून ठेवत नाही. जपणूक आपणच बटण दाबून करायची. मी एकदा विसरलो आणि वीज गेली. चार तासांचा संसार बुडाला. तेव्हापासून मी दर पाच मिनिटांनी सेव्ह करतो आणि ही गॅस बंद आहे का बघते.)

तर सेव्ह केलं, टाकी भरली, आणि निघालो. पायाखालचा पांढरा वाळूचा तळ उतरता झाला, मग हिरवा झाला, मग नाहीसाच झाला. खाली नुसती निळाई. माझी बोटं बटणावर गारठली. कानात फोन. "आहेस ना रे?" "आहे. जा खाली." पाच मीटर, दहा मीटर. मग त्या निळाईतून एक भलंमोठं, पाठीवर झाडंझुडपं उगवलेलं काहीतरी वर येऊ लागलं. एका वाड्याएवढं. मी ओरडलो. "आजोबा, घाबरू नका, तो रीफबॅक. काही करत नाही." खरंच काही केलं नाही. एक लांब, खोल हंबरडा घालत ते धूड माझ्या खालून निघून गेलं. दावणीची म्हैस रानात चरून सावकाश घरी परतावी, तसं. त्याच्या पाठीवर मासे खेळत होते. मी पाहतच राहिलो.

तीस सेकंद उरले, यंत्र म्हणालं.

गंमत म्हणजे या वेळी मला भलतं बटण सापडलं नाही. वर बघितलं, उजेड कुठे आहे ते पाहिलं, आणि सावकाश वर आलो. हवा सहा सेकंदांची शिल्लक होती. आमच्या घराण्यात महिनाअखेरीला याहून जास्त काही कधी शिल्लक राहिलेलं नाही.

खेळ अजून बराच बाकी आहे. 'अरोरा'पाशी एक राक्षसी जनावर आहे असं ऐकतो. त्याची डरकाळी एकदा लांबून ऐकली तेव्हा हिनं आतून, "मी मिक्सर लावलेला नाही हं" असं जाहीर केलं. शेवटाबद्दल नातवानं एक गोष्ट फोडली. माणूस इतकं सोसून, यान बांधून घरी निघतो, तेव्हा त्याची कंपनी त्याला बिल देते: परक्या ग्रहावर जे जे वापरलंत त्याबद्दल तुमच्याकडून एक लाख कोटी येणं आहे, ते चुकवल्याशिवाय उतरता येणार नाही! मी नातवाला म्हटलं, हा खेळ करणारी माणसं कुठेही राहत असोत, त्यांनी घरासाठी कर्ज काढलेलं आहे.

परवा धरणातून पाणी सोडलं. भिडे पूल पाण्याखाली गेला, म्हणजे पुणेकरांच्या हिशेबानं पावसाळा रीतसर सुरू झाला. सगळं गाव पाणी बघायला जातं. मी कधी गेलो नाही. नदी चढली की महिनाभर मी रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्यानं न्यायला सांगतो आणि जास्तीचे पैसे देतो. परवा मात्र हिला म्हटलं, "चल, लकडी पुलावर जाऊन येऊ."

ती माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही. छत्री घेतली.

पुलावर ही गर्दी. कणसं, मोबाइल, पोरं. खाली तपकिरी पाणी घोंघावत होतं. मी कठड्यापाशी गेलो. दोन्ही हातांनी कठडा धरला. तितकाच घट्ट, जितके एकदा कुणाचे तरी केस धरले होते. आणि खाली बघितलं.

थोड्या वेळानं हिनं माझ्या बाहीला हात लावला. "अहो, झालं ना बघून? चला आता."

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून तीस सेकंद आहेत."